तारखेपुरते थेंब

उपनगर, नाशिक
१९ जानेवारी २०२५

संजना,

जय भीम. आधी बातमी ऐक, बाकीचं मागून. काल दवाखान्यात तारीख होती. डाव्या डोळ्याचं प्रेशर सोळा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे, धम्मपालराव. असंच चालू ठेवा." मी बाहेर आलो आणि एकट्याने मिसळ हाणली, तीही जादा तर्री घेऊन. तुझ्या वहिनीला सांगू नकोस.

तू म्हणशील, सोळा म्हणजे काय आणि त्यात मिसळ खाण्यासारखं काय. तुला सगळं माहीत आहे, पण मला सांगायला आवडतं. जन्मतःच मोतीबिंदू, पाचव्या वर्षी ऑपरेशन, तेव्हापासून हा जाड काचांचा चष्मा. अशा माणसाला पुढे कधीही काचबिंदू गाठू शकतो. उजव्या डोळ्याला त्याने गाठलं तेव्हा आपल्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. दुखलं नाही की खुपलं नाही, एक दिवस कळलं की डोळा गेला. आता डावा उरलाय, तोही अर्धामुर्धा. तेवढ्यावर माझं पाणीपट्टीचं काउंटर चालतं, बसचा नंबर वाचला जातो, तुझी पत्रं वाचली जातात. प्रेशर चढलं की आतली नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. म्हणून सोळाचं कौतुक.

तू काळ्या मार्करने टपोरं लिहितेस ते बरं करतेस. मोबाईलवर निरोप पाठवू नकोस. मी तो लावला की सगळ्या घराला ऐकू जातो, आणि तुझे टोमणे मला एकट्याला हवे असतात. शुभांगीची कंपनीत अजून पहिलीच शिफ्ट आहे, पहाटे साडेपाचला ती गाडीसाठी निघते. बाकी मजेत.

तुझा
दादा

—

आश्रमशाळा, ता. सुरगाणा
४ फेब्रुवारी

दादा,

सोळा वाचून मीही चहा जास्तीचा घेतला. इथे मिसळ कुठली, नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. तरी चव लागली बघ. शाळेशेजारच्या आरोग्य केंद्रातल्या मीना सिस्टरनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचे भाऊ फार नेमाचे दिसतात. मी म्हटलं, लहानपणापासून!

खरं सांगू का, उजव्या डोळ्याच्या वेळी मी नुकती नोकरीला लागले होते आणि काही करू शकले नाही. त्यामुळे तुझी तारीख जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. आकडा चांगला आला की महिनाभर बरं वाटतं.

एक विचारायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी आणून दिलेली थेंबांची बाटली केव्हाच संपली असेल. नंतरच्या कुठून घेतोस? आणि वहिनी पहाटे जाते तर सकाळी थेंब टाकतं कोण? तुला स्वतःला नेम धरता येतो का?

संजना

—

नाशिक
२१ फेब्रुवारी

संजना,

तुझ्या पोटातला गोळा खाली उतरव. मी ठणठणीत आहे.

बाटलीचं म्हणशील तर तू आणलेलीच चालू आहे. हलवली की आत अजून वाजते. बघ, किती जपून वापरतो! आणि नेमाचं म्हणशील तर इतकी वर्षं एकट्याने बस पकडणाऱ्याला नेम धरता येत नाही होय?

इकडे ऑफिसात नुसता गोंधळ आहे. नवीन प्रिंटर आणलाय, तो आकडे खातो. ग्राहक क्रमांकाचा शेवटचा आकडा छापतच नाही म्हण ना. गेल्या आठवड्यात मी एका बाईंना भलत्याचंच बिल काढून दिलं. त्या माझ्यावर ओरडल्या, मी किशोरवर ओरडलो. किशोर शेजारच्या काउंटरला बसतो. तो म्हणतो, साहेब, आकडा आहे की छापलेला. त्याला प्रिंटरची बाजू घ्यायची सवयच आहे.

परवा आणखी एक गंमत. झेरॉक्सवाल्याने शटर अर्धंच वर केलं होतं आणि मी सरळ आत शिरलो. कपाळावर हे एवढं टेंगूळ. त्याच दिवशी उजवीकडून एक सायकलवाला अंगावर आला. आता उजवा डोळाच नाही तर उजवीकडचं दिसणार कसं? शुभांगीने हळद लावली आणि वर बोलणी दिली. ती म्हणाली, एवढी कसली घाई होती? मी म्हटलं, झेरॉक्सवाल्याला विचार.

पुढची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. तेव्हाही सोळा आणून दाखवतो.

दादा

—

सुरगाणा
१ मार्च

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. तिसऱ्यांदा मीना सिस्टरकडे घेऊन गेले.

दिवसातून दोनदा थेंब टाकणाऱ्याची बाटली महिनाभरात संपते. नाही संपली तरी उघडल्यावर महिन्याने फेकून द्यायची असते. दिवाळीला आणलेली बाटली फेब्रुवारीत वाजते आणि तू मला सांगतोस, जपून वापरतो! दादा, ते काय घरचं तूप आहे का?

उजवा डोळा जाऊन वीस वर्षं झाली. वीस वर्षांत तू कधी कुणाच्या शटरवर आपटला नाहीस. सायकलवाले तेव्हाही होते. आणि किशोर म्हणतो आकडा छापलाय, तर तो छापलेला असणार. तुला तो दिसत नाही. उजवीकडचा आणि वरचा भाग डाव्या डोळ्यातूनही चाललाय असं सिस्टर म्हणाल्या. त्या डोळ्याच्या डॉक्टर नाहीत, पण हे लगेच दाखवा, असं म्हणाल्या.

मला एकच कळत नव्हतं. थेंब पडत नाहीत तर जानेवारीत सोळा आलं कसं? मग रात्री पडल्या पडल्या शाळेतला तक्ता आठवला. डोळे तपासायला माणसं आली होती. तुला कमी दिसतं हे कळलं असतं तर अंधशाळेच्या वसतिगृहात पाठवणार होते आणि तुला घर सोडायचं नव्हतं. मी दुसरीत. रांगेत पुढे घुसून तक्ता पाठ केला आणि मागे येऊन तुझ्या कानात सांगितला. तू घडाघडा म्हणून दाखवलास आणि पास झालास. बाबांनी दोघांना जिलबी दिली.

तू अजून तेच करतोयस, नाही का? तारीख जवळ आली की तेवढ्यापुरते थेंब टाकतोस.

मला खरं लिही. नाहीतर मी वहिनीला फोन लावते.

संजना

—

नाशिक
८ मार्च

संजना,

वहिनीला फोन लावायचा नाही. तुला माझी शपथ आहे.

आता ओळखलंच आहेस तर ऐक. तारखेच्या आधी चार दिवस मी थेंब टाकतो. सकाळ-संध्याकाळ, अगदी नेमाने. बाकीच्या दिवसांत जमेल तसं. यात फसवणूक कसली? परीक्षेच्या आधीच अभ्यास करतात सगळे. आणि प्रेशर सोळा आलं ते मशीनने मोजलं, मी माझ्या मनाने लिहिलं नाही. चार दिवसांत एवढं खाली येतं म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलेलं नाही, असा मी अर्थ घेतो.

तू तिकडे बसून बोलतेस. इथे येऊन बघ. थेंब झोंबतो. टाकल्यावर अर्धा तास सगळं धुरकट होतं आणि माझी बस पावणेनऊची. बाटली डोळ्यावर धरली की ती मला दिसतच नाही. तिचं टोक एकदा बुबुळाला लागलं, दिवसभर पाणी गळत होतं. अर्धे थेंब गालावर, अर्धे शर्टावर. मग शुभांगीला सांगायचं का, की कंपनीची गाडी गाठायच्या आधी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बस? ती म्हणेल नोकरी सोडते. मी तिला ओळखतो. बाविसाव्या वर्षी माझ्याशी लग्न करून आली तेव्हा तिच्या माहेरचे म्हणाले होते, आंधळ्याची काठी व्हायला चाललीस का? त्या दिवशी मी ठरवलं, हिला माझी काठी होऊ द्यायचं नाही. तेवीस वर्षं होऊ दिली नाही.

आणि एप्रिलच्या तारखेला ती दिव्यांची परीक्षा आहे, फिल्ड टेस्ट. एका पांढऱ्या घुमटात डोळा लावून बसायचं. आत कुठेतरी बारीक दिवा लागतो. दिसला की बटण दाबायचं. त्यातही मी आजवर नापास झालेलो नाही. मशीन एका ठेक्यात टकटक करतं. तो ठेका धरला की झालं.

तू निर्धास्त रहा.

दादा

—

सुरगाणा
१४ मार्च

दादा,

ठेका धरला की झालं, म्हणे!

अरे, ते मशीन तुला शाळेत ठेवायचं की वसतिगृहात पाठवायचं हे ठरवायला नाहीय! तुझा डोळा किती उरलाय ते डॉक्टरांना कळावं म्हणून आहे. तू न दिसलेल्या दिव्याला बटण दाबतोस, मशीन लिहितं की इथे दिसतंय, डॉक्टर म्हणतात ठीक चाललंय. औषध वाढवायचं ते वाढवत नाहीत. फसतंय कोण? तक्ता मी सांगितला तेव्हा तुझं घर वाचलं. आता तूच तुला तक्ता सांगतोयस आणि डोळा चाललाय.

शपथ घातलीस म्हणून वहिनीला फोन करत नाही. पण माझीही एक अट आहे. तारखेला जाशील तेव्हा डॉक्टरीणबाईंना खरं सांग. किती दिवस थेंब टाकलेस आणि किती दिवस नाही, ते सगळं.

तोवर सिस्टरांनी सांगितलेलं कर. आडवा पड. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकव म्हणजे हात हलणार नाही. दुसऱ्या हाताने खालची पापणी ओढ, तिथे खळगा होतो, त्यात थेंब सोड. टोक डोळ्याला लावायचं नाही. मग डोळा मिट आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धर. नवी बाटली सोमनाथबरोबर पाठवतेय, इथून नाशिकला जीपच्या फेऱ्या मारतो तो. जुनी टाकून दे. आजच.

मला भीती वाटते दादा. तू हसवतोस ना, तेव्हा जास्त वाटते.

संजना

—

सुरगाणा
३ एप्रिल

दादा,

वीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. फोन केला तर तू मोठ्याने "सगळं झकास" म्हणालास आणि ठेवलास. शेजारी वहिनी असणार.

बाटली मिळाली का? सोमनाथ म्हणतो, हातात दिली. तो आणखी काहीतरी बोलला. तू दारात त्याच्याशी बोलत होतास, पण दुसरीकडेच बघून. तो उजव्या बाजूला उभा होता म्हणे.

रविवारी मी वहिनीला फोन लावलाच होता. तिने "बोला ताई" म्हटलं आणि माझ्या तोंडून पापडाच्या लाटण्याची चौकशी निघाली. पंधरा मिनिटं पापडावर बोललो आम्ही. ठेवल्यावर मला माझाच राग आला. शपथ पाळली म्हणून मी चांगली बहीण झाले की वाईट, ते कळेनासं झालंय.

तारीख या आठवड्यात आहे ना? दोन ओळी लिही. वाईट असलं तरी लिही.

संजना

—

नाशिक
११ एप्रिल

संजना,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. ओळ कुठे संपते ते कळत नाही, कागदाच्या बाहेर अक्षर जातं. सांभाळून घे.

तारखेला गेलो होतो. कबूल करतो, तुझी अट मोडायचंच ठरवून गेलो होतो. चार दिवस थेंब टाकले होते, तू सांगितलंस तसे आडवं पडून. प्रेशर सतरा. डॉक्टरीणबाई "ठीक" म्हणाल्या आणि मी मनात म्हटलं, सुटलो.

मग दिव्यांच्या खोलीत गेलो. मशीनवरच्या बाई नवीन होत्या. घुमटात हनुवटी टेकवली, बटण हातात घेतलं. टकटक सुरू झाली, मी ठेका धरला आणि दाबत गेलो. थोड्या वेळाने त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, "काका, आत्ता तीनदा दिवा लावलाच नव्हता. तुम्ही तिन्ही वेळा दाबलंत." मशीन मुद्दाम मध्ये दिवा न लावता आवाज करतं म्हणे, असल्या लबाडांसाठीच. मी हसून म्हटलं, हात सवयीने चालतो. त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा करू या. दिसेल तेव्हाच दाबा. नाही दिसलं तर नाही दाबायचं. काही होत नाही."

संजना, मी नाही दाबलं. टकटक चालू होती आणि मी दिव्याची वाट बघत होतो. एक दिसला, दाबलं. मग काहीच नाही. टकटक होतेय आणि समोर नुसतं पांढरं. वाटलं, मशीन बिघडलं असेल. विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, चालू आहे काका. तेव्हा मला कळलं. प्रत्येक टकटक म्हणजे कुठेतरी एक दिवा लागून गेला होता आणि तो मला दिसला नव्हता. माझा अंगठा बटणावर होता आणि त्याला काही कामच नव्हतं. आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नाही. उजवा गेला तेव्हाही नाही, कारण तो गेल्यावर कळलं होतं. हा जाताना मी समोर बसून बघत होतो.

बाहेर आलो आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. चार दिवसांचं, ठेक्याचं, बाटलीचं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी कागद माझ्या डोळ्याशी धरला. त्यावर माझ्या नजरेचा नकाशा होता, त्यात उजवीकडचा आणि वरचा बराचसा भाग काळा आहे. मधलं आणि डावीकडचं थोडं पांढरं आहे. त्या म्हणाल्या, "गेलंय ते मी परत आणू शकत नाही. पांढरं आहे ते राखू शकते, पण त्यासाठी मला तुमचं खरं प्रेशर लागेल." आता रोज दोन्ही वेळा थेंब टाकायचे, आणि दोन आठवड्यांत त्या सांगतील त्या दिवशी, सांगतील त्या वेळी जायचं.

शुभांगीला अजून सांगितलं नाही. चौदा तारखेला जयंती आहे, घरात पाहुणे येणार. त्यानंतर सांगेन.

दादा

—

सुरगाणा
१६ एप्रिल

दादा,

तुझी वेडीवाकडी ओळ बघून मी शाळेच्या मागे जाऊन रडले. मग तोंड धुऊन सहावीला गणित शिकवलं.

मी रागावलेले नाही. तू त्या खोलीत अंगठा थांबवलास, यापेक्षा अवघड काम तू जन्मात केलं नसशील. पण अजून एक राहिलंय. जयंती होऊन गेली. आज सांग. तू तिला काठी होऊ द्यायचं नाही म्हणतोस, पण तिला कधी विचारलंस का? तू ठेच लागून पडलास आणि तिला शेजाऱ्याकडून कळलं तर तिला काय वाटेल?

शपथ आता मी मानत नाही. शनिवारपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. पापडाबद्दल बोलणार नाही.

संजना

—

नाशिक
२८ एप्रिल

संजना,

अठरा तारखेला, शुक्रवारी सांगितलं. तुझ्या धाकाने नाही हं, शनिवार जवळ आला म्हणून.

शुभांगी भाकरी थापत होती. मी बोलत राहिलो, तिचे हात थांबले. सगळं ऐकून तिने तवा खाली उतरवला आणि विचारलं, "थेंब टाकायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, थेंबाला काय, क्षणभर. मग दोन मिनिटं कोपरा दाबायचा. ती म्हणाली, "दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी तू मला परकी केलंस." संजना, तेवीस वर्षांत तिने मला एवढं लागेल असं काही म्हटलं नव्हतं. रात्री ती जेवली नाही. पहाटे पाच वाजता मला हलवून उठवलं, डोकं मांडीवर घेतलं, थेंब सोडला आणि निघून गेली. अजून नीट बोलत नाही, पण सकाळ-संध्याकाळ थेंब चुकलेला नाही. नोकरी सोडायचं तिच्या मनातही आलं नाही. ते मीच माझ्या सोयीने ठरवलं होतं.

दवाखान्यातून परवा अचानक फोन आला, आत्ता या म्हणून. ऑफिसातून तसाच गेलो, शुभांगीही कंपनीतून परस्पर आली. प्रेशर सव्वीस. आठ दिवस एकही थेंब न चुकवता सव्वीस. पहिले चार दिवस थेंब जोर दाखवतात, मग तो ओसरतो म्हणे, म्हणून तारखेला आकडा चांगला यायचा. नुसत्या थेंबांनी आता भागणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागच्या वर्षीच खरा आकडा कळला असता तर औषध बदलून बघता आलं असतं. आता तेवढं थांबायला वेळ नाही. ऑपरेशन करून पाणी निघायला वाट करायची. सहा मेला आहे. शेवटचा डोळा आहे म्हणून त्यांनी काही लपवलं नाही. प्रेशर उतरेल अशी आशा आहे, पण ऑपरेशननंतर नजर आणखी थोडी कमी होऊ शकते. क्वचित सगळीच जाऊ शकते. नाही केलं तर जाणार हे मात्र नक्की. त्यांनी विचारलं, "करू या?" मी शुभांगीकडे वळलो. ती डावीकडे बसली होती, मला दिसत होती. तिने मान हलवली. मी हो म्हटलं.

भीती वाटते. पूर्वी असतं तर तुला काहीतरी गमतीचं लिहिलं असतं. आता जमत नाही, आणि तुला खोटं आवडतही नाही.

तुझी सुट्टी एक तारखेपासून आहे ना? ये. आजवर मी तुला कधी ये म्हटलं नाही, तूच येत आलीस. यावेळी मी बोलावतोय. मला तू हवी आहेस. आणि ऑपरेशनच्या आधीच ये. नंतर काय दिसेल ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून त्याआधी तुला एकदा नीट बघून घ्यायचंय. मी स्टँडवर येतो, शुभांगी बरोबर असेल. जीपमधून उतरलीस की उजवीकडून हाक मारू नकोस, मी भलतीकडेच बघत बसेन. समोरून ये, आणि अगदी जवळ येऊन उभी रहा.

दादा